कंपनीचा नंबर असलेला मग

तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत आता कॅमेऱ्याइतकंच काम मग प्रेसला असतं. रावेर त्याला अपवाद नाही. लग्नाचा वाढदिवस, साहेबांची बदली, मुलीचा बारावीचा निकाल, कशालाही छापील मग दिला जातो. त्यातला एक मग मात्र मला कायम वेगळा वाटत आला आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या सॅपरचा, म्हणजे ज्याने रायफलीबरोबर फावडं, कुदळ, वेल्डिंगचा होल्डर किंवा सुरुंग शोधायचं यंत्र हातात धरलं त्या शिपायाचा. या मगावर बहुतेक वेळा चेहरा नसतो. पथकाचं चिन्ह असतं, 'बॉम्बे सॅपर्स' हे नाव असतं, खाली कंपनीचा नंबर आणि नोकरीची वर्षं असतात. हा मग घेणाऱ्याच्या घरी कॉफी क्वचितच होत असेल. केळीच्या या पट्ट्यात पाहुण्याला चहाच मिळतो, आणि हा मग टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये राहतो.

तो तयार होताना पाहण्यासारखा असतो. मग साधा पांढरा, सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपासचा. पण त्याच्या बाहेरच्या अंगाला पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो. तो थर नसेल तर शाई धरत नाही. डिझाइन कागदावर उलटं छापतात, आरशात दिसावं तसं. कागदावर रंग मळकट दिसतात. लाल विटकरी आणि काळा राखाडी दिसतो, आणि पहिल्यांदा करून घेणारा माणूस हमखास नाराज होतो. मग तो कागद मगाभोवती ताणून गुंडाळायचा, उष्णतेला टिकणाऱ्या टेपने कडा चिकटवायच्या आणि मग प्रेसच्या गोल पट्ट्यात दाबून धरायचा. तापमान १८० ते २०० अंश सेल्सिअस, वेळ साधारण तीन मिनिटं. एवढ्या उष्णतेत शाई पातळ न होता थेट वाफ होते आणि त्या थरात शिरते. बझर वाजला की हातमोजा घालून कागद सोलतात आणि खालून भडक, चकचकीत रंग निघतात. शाई थराच्या आत बसलेली असल्यामुळे घासून ती निघत नाही. पोपडेही धरत नाहीत. मात्र रोज ऊन लागलं तर वर्षागणिक ती फिकी पडते.

बॉम्बे सॅपर्स हे भारतीय सैन्याच्या अभियंता दलातल्या तीन जुन्या गटांपैकी एक. मद्रास सॅपर्स बंगळुरूला, बंगाल सॅपर्स रुरकीला आणि बॉम्बे सॅपर्स पुण्याजवळ खडकीला. १७७७ मध्ये मुंबईत उभारलेल्या पायोनियरांच्या तुकडीपर्यंत याची मुळं जातात, पण सॅपर म्हणून स्थापनेचं वर्ष १८२० धरलं जातं. म्हणजे २०२० मध्ये या पथकाला दोनशे वर्षं झाली. अभियंता दलाचं ब्रीद एकाच शब्दाचं आहे, 'सर्वत्र'. खानदेशातल्या पोराला भरतीनंतर खडकीला जायचं म्हणजे भुसावळहून पुण्याची गाडी धरायची. पुढे पोस्टिंग जम्मूकडे लागलं तर त्याची झेलम एक्सप्रेस रावेरवरूनच उत्तरेकडे निघून जाते.

सॅपर नेमकं काय करतो हे सांगायला १९४८ सालचा नौशेरा ते राजौरी हा रस्ता पुरेसा आहे. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० मध्ये ते साधे शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले होते. ८ एप्रिल १९४८ ला ते ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या तुकडीचे प्रमुख होते. सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट रणगाडे राजौरीकडे न्यायचे होते आणि रस्ता सुरुंगांनी व अडथळ्यांनी भरलेला होता. काम सुरू होत असतानाच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार झाले, पाच जण जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. तरी काम थांबलं नाही. राणे पुढच्या रणगाड्याखाली सरपटत राहिले आणि चालकापर्यंत पोचवलेल्या दोरांनी थांब, चल, असे इशारे देत रणगाडा सुरुंगांमधून काढत गेले. वरून गोळीबार चालू, पोटाखाली सुरुंग पेरलेली माती आणि पाठीवर रणगाड्याचा तळ! १० तारखेला पाइनची पाच झाडं आडवी पाडून केलेला, सभोवती सुरुंग पेरलेला अडथळा त्यांनी मोकळा केला. ११ ला रात्री उशिरापर्यंत हात चालू होते. १२ एप्रिलला राजौरी आपल्या ताब्यात आलं. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले राणे पहिलेच.

राण्यांचं नाव पुढे एका तेलवाहू जहाजाला दिलं गेलं. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधल्या एका बेटालाही दिलं गेलं. ते योग्यच झालं. पण त्यांच्यामागे पोटावर झोपून सुरुंग उकरणाऱ्या बाकीच्यांची खूण काय? ३७ असॉल्ट फील्ड कंपनी, एवढीच. पायदळातला जवान आपली पलटण सांगतो, आणि त्या पलटणीने जिंकलेल्या टेकडीला नकाशावर नाव असतं. सॅपरचं काम यशस्वी झालं की ते दिसेनासं होतं. काढलेला सुरुंग कुणाला दिसत नाही. लढाईतला पूल फौज पार झाली की पिना काढून, पॅनेल सुटे करून ट्रकवर चढवला जातो. म्हणून त्या मगावरचा नंबर मला महत्त्वाचा वाटतो.

पुलाचं एक उदाहरण तर मुंबईकरांच्या रोजच्या पायाखाली आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल सैन्याकडे सोपवला गेला आणि बॉम्बे सॅपर्सनी तो उभा केला. करी रोड आणि आंबिवलीच्या पुलांसह तो २७ फेब्रुवारी २०१८ ला लोकांसाठी खुला झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या बेली पुलाची ही परंपरा आहे. त्या पुलाचं एक पॅनेल दहा फूट लांब आणि सुमारे २६० किलो वजनाचं असतं. सहा जण आडवे दांडे घालून ते उचलतात आणि पिना ठोकून एकाला एक जोडत जातात. क्रेन लागत नाही. एकाच वेळी उचलायचं, एकाच वेळी ठेवायचं. एकाचा हात सुटला तर शेजारच्याची बोटं गेली.

अशा पथकांसाठी मग काढायची पद्धत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये बांधकामाच्या बटालियनी उभ्या केल्या. पॅसिफिकच्या बेटांवर धावपट्ट्या आणि धक्के बांधणारे ते 'सीबीज'. त्यांच्या नावाचे मग तिथेही मिळतात. आपल्याकडे सीमा सडक संघटनेच्या, म्हणजे ग्रेफच्या माणसांनाही हाच मान मिळायला हवा. ७ मे १९६० ला स्थापन झालेल्या या संघटनेचं ग्रेफ केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा आणि लडाखमधला १९,०२४ फुटांवरचा उमलिंग ला रस्ता यांचाच. खारदुंग लाच्या खिंडीत पर्यटक उंचीचा आकडा छापलेला मग विकत घेतात. तो रस्ता उघडा ठेवणाऱ्या, बर्फ उपसणाऱ्या डोझर ऑपरेटरच्या तुकडीचं नावही त्यावर असायला काय हरकत आहे?

आता या मगांबद्दलची माझी एक तक्रार. स्टुडिओच्या संगणकात तयार डिझाइनं असतात. त्यात फडकता तिरंगा, परदेशी रणगाडा, कुठल्यातरी चित्रपटातला कमांडो असं काहीही असतं. घाईत तेच छापलं जातं आणि ज्याने आयुष्यभर पूल बांधले त्याच्या हातात भलत्याच फौजेचा रणगाडा येतो. हे टाळणं अगदी सोपं आहे. काकांना विचारा. कंपनी कुठली, रेजिमेंट कुठली, ट्रेड काय होता? सुतार, गवंडी, लोहार, वेल्डर की मशीन ऑपरेटर? पोस्टिंग कुठे कुठे झालं, कोणता पूल टाकला? त्यांच्या डिस्चार्ज बुकात यातलं बरंच लिहिलेलं असतं. मगाच्या एका बाजूला चिन्ह राहू द्या आणि दुसऱ्या बाजूला ही चार ओळींची खरी माहिती छापा. अक्षरं जरा मोठी ठेवा, कारण ज्याच्यासाठी मग आहे त्याचे डोळे आता साठीपुढचे आहेत. पैसे थोडे जास्त गेले तरी चालत असतील तर भट्टीत भाजलेल्या डिकॅलचा मग करून घ्या. सातशे-आठशे अंशांवर त्याचे रंग चिनीमातीच्या चकाकीत मुरतात आणि उन्हाने सहज उडत नाहीत.

आणि मग बनवायला टाकण्याआधी ती माहिती एका वहीतही उतरवून ठेवा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात ज्यांच्या घरी सॅपर किंवा ग्रेफचा माणूस आहे, त्यांनी हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.