गिधाडे गेली, आता ढोर कोणी ओढायचे?

पुण्यात शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातून वर पाहिले तर घारी घिरट्या घालताना दिसतात. गिधाड मात्र दिसत नाही. भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. याला कारण ठरले जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. ते औषध दिलेले ढोर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली.

दरम्यान मढी उघड्यावर सडू लागली, भटकी कुत्री वाढली. गिधाडे नसल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली, असा अंदाज अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली मांडला. पाखराच्या कामाची किंमत मोजली गेली, चांगलेच झाले. पण ढोर ओढणाऱ्या माणसाच्या कामाचा हिशेब कोणी मांडला?

गावात ढोर मेले की महारवाड्यात सांगावा यायचा. वतनाच्या नावाखाली ही वेठ पिढ्यान्‌पिढ्या चालली. मोबदला काय? मेलेल्या ढोराचे मांस, आणि वर विटाळ! गिधाड मढे खाते ते निसर्गाने. माणसाला ते खायला लावले जातिव्यवस्थेने. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा संदेश दिला. गावोगाव आपल्या लोकांनी ढोरे ओढणे नाकारले, त्यासाठी बहिष्कार सोसला. वतने कायद्याने संपवायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

हा इतिहास संपलेला नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी भररस्त्यात झोडपले. तेव्हा संतप्त बांधवांनी सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मेलेली जनावरे आणून टाकली. ज्यांची गोमाता, त्यांनीच तिचे अंत्यविधी करावेत, हाच त्याचा अर्थ!

पुण्यात मेलेले जनावर उचलायला महापालिकेची गाडी येते. शहरातील घाणीची विल्हेवाट लावणे हे महापालिकेचे कायद्याने बंधनकारक कर्तव्यच आहे. पण बांधवांनो, त्या गाडीवरच्या कामगाराला एकदा त्याची वस्ती विचारा. उत्तर ऐकून वतन गेले की फक्त त्याचे नाव बदलले, हे कळेल. हे काम यंत्राने व्हावे. जिथे हात लागतो तिथे हातमोजे, लस, पुरेसा पगार आणि कायम नोकरी मिळावी. शिवाय त्याची भरती सर्व जातींतून व्हावी.

गिधाडे परत यायलाच हवीत. पण ती येईपर्यंत त्यांची जागा आम्ही भरणार नाही. गिधाडाला राजीनामा देता येत नाही. आपल्या आजोबांनी तो दिलेला आहे.