ड्रायरच्या पाईपचा शनिवार

सकाळी ७.०० : ड्रायरची पिन काढली, पॅनेलमधला ब्रेकरही पाडला. अमेरिकेत विजेचा ड्रायर २४० व्होल्टवर चालतो आणि त्याला ३० अँपिअरची स्वतंत्र लाईन असते, म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं हे घर घेतल्यापासून कपडे एका फेरीत वाळत नाहीत आणि लाँड्रीच्या खोलीच्या काचांवर पाणी जमतं. ड्रायरमधली गरम, दमट हवा बाहेर पोचत नाही, हे उघड आहे.

बाबा सांगलीहून आलेत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. चहा घेताना म्हणाले, "अगं, मागच्या अंगणात दोरी बांध की. कशाला एवढा खटाटोप?"

"जानेवारीत ओला सदरा दोरीवर गोठतो, बाबा."

८.०० : ड्रायर पुढे ओढला. मागे निघाली पांढरी, प्लॅस्टिकची, तारेच्या वेटोळ्यांची नळी, आधीच्या मालकांच्या काळातली. प्रत्येक घडीत राखाडी कापसासारखा थर. हे लिंट, म्हणजे कपड्यांवरून सुटलेले बारीक तंतू. गाळणीतून निसटतात, पाईपच्या खडबडीत जागी अडकतात आणि ठिणगी लागताच पेटतात. प्लॅस्टिक त्या आगीला आवरत नाही, स्वतःच जळतं. म्हणून आजच्या नियमांत या नळीला जागाच नाही. तिथल्या तिथे ती कचऱ्याच्या पिशवीत भरली.

पुढे पाईप तळघरातून लांबच्या भिंतीकडे जात होता. मापला : २४ फूट, काटकोनातली तीन वळणं. इथे प्रचलित असलेल्या घरबांधणी नियमावलीत ४ इंची पाईपला एकूण ३५ फूट मुभा आहे आणि प्रत्येक काटकोनामागे ५ फूट वजा होतात. म्हणजे आमच्या मार्गाला २० फूटच चालतात.

"बसचा सायलेन्सर चोंदला की इंजिन ओढत नाही, तसंच हे," बाबा म्हणाले. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं.

९.३० : वॉशिंग मशीन आणि ड्रायर यांच्या जागांची अदलाबदल केली. आता ड्रायर थेट बाहेरच्या भिंतीला लागून आला आणि २४ फुटांचा पाईप दोन फुटांवर. भोकाची जागा ठरवायला वेळ दिला, कारण भिंतीला भोक एकदाच पडतं. खिडकीपासून तीन फुटांहून जास्त अंतर हवं, नाहीतर दमट हवा पुन्हा घरात शिरते. जमिनीपासून फूटभर तरी वर हवं, नाहीतर बर्फ साचून तोंड बुजतं. भिंतीतले लाकडी खांब बहुधा १६ इंचांवर असतात. ते स्टड फाइंडरने शोधले आणि दोन खांबांच्या मधोमध खूण केली.

११.०० : आधी प्लास्टर जेमतेम कापून आत बॅटरीने पाहिलं. वायर नाही, पाण्याचा पाईप नाही. मग लांब ड्रिलने आरपार छोटं भोक पाडलं, म्हणजे बाहेरून मध्य अचूक सापडतो. बाहेरचं व्हायनिल साइडिंग थंडीत तडकतं, म्हणून सव्वाचार इंची गोल करवत त्यावर सावकाश, उलट दिशेने फिरवली. त्यामागची फळी कापताना मात्र सरळ दिशा आणि भरपूर जोर.

१२.३० : पोळी-भाजी.

१.१५ : जोडणी. बाबा स्क्रू घेऊन तयार.

"स्क्रू नको, बाबा. त्याचं टोक आत राहतं आणि लिंट तिथंच अडकतं."

"मग सुटणार नाही?"

"ही ॲल्युमिनियमची फॉइल टेप धरून ठेवते."

कापडी डक्ट टेपचा चिकटपणा उष्णतेने जातो, म्हणून ती इथे नको. पाईपचं बारीक टोक हवेच्या दिशेने पुढच्या पाईपात घालायचं. उलट घातलं तर आतल्या कडेला तंतू साठतात. हे बाबांनी मी सांगायच्या आत ओळखलं. पाईप गुळगुळीत पत्र्याचा घेतला आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे आत पाणी साचत नाही.

३.०० : बाहेरचं झाकण बसवलं. "उंदीर-चिमण्या शिरतील, जाळी लाव," असा बाबांचा आग्रह. जाळीला नियमांत मनाई आहे, कारण काही दिवसांतच ती लिंटने बंद होते. त्याऐवजी झडप असते : ड्रायर चालू असताना हवेच्या जोराने उघडते, एरवी मिटलेली राहते. कडेने सीलंट भरलं. खालची कड मोकळी ठेवली, आत शिरलेलं पाणी तिथून निघून जावं म्हणून.

४.३० : ब्रेकर चढवला, ओले टॉवेल घातले. मी बाहेर जाऊन उभी राहिले. झडप पूर्ण उघडली, हाताला जोरदार ऊब लागली. टॉवेल एकाच फेरीत वाळले आणि काचा कोरड्या राहिल्या.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८ ते २०१० या काळात तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि सर्वांत मोठं कारण होतं सफाई न करणं. तुमच्या घरी ड्रायर असेल, किंवा तिकडे मुलं-सुना राहत असतील, तर या आठवड्यात तो भिंतीपासून ओढून मागचा पाईप पाहा, त्यांनाही पाहायला सांगा. प्लॅस्टिकचा असेल तर आजच बदला. गाळणी प्रत्येक फेरीनंतर आणि पाईप वर्षातून एकदा तरी साफ करा.