युद्धाच्या काळात स्वतंत्र माध्यमांवर कितपत विश्वास ठेवायचा?

८ मे २०२५ ची रात्र आठवा. भारतीय नौदलानं कराची बंदरावर हल्ला केल्याची 'ब्रेकिंग' अनेक वृत्तवाहिन्यांवर सुरू होती. कळंब्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज येत होते. असा कुठलाही हल्ला झालाच नव्हता. एका मोठ्या हिंदी वाहिनीला चुकीबद्दल प्रेक्षकांची माफी मागावी लागली.

तेव्हापासून 'टीव्ही बंद करा, स्वतंत्र पोर्टल वाचा' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे.

'द वायर'चं काय झालं?

९ मे रोजी 'द वायर' ही वेबसाइट भारतात उघडेनाशी झाली. वायरच्या म्हणण्यानुसार कारण होतं एक बातमी: भारताचं एक राफेल विमान पडल्याचं फ्रेंच गुप्तचर अधिकाऱ्यानं सांगितलं, असं 'सीएनएन'चं वृत्त त्यांनी दिलं होतं. ती बातमी काढल्यावर साइट पुन्हा सुरू झाली. त्याच सुमारास, भारतात आठ हजारांहून जास्त खाती बंद करण्याचे आदेश सरकारनं दिल्याचं 'एक्स' कंपनीनं जाहीर केलं. त्यात वृत्तसंस्थांचीही खाती होती.

३१ मे रोजी संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये 'ब्लूमबर्ग'ला मुलाखत दिली. आपली विमानं पडल्याचं त्यांनी मान्य केलं, आकडा मात्र सांगितला नाही. सहा विमानं पाडल्याचा पाकिस्तानचा दावा त्यांनी साफ फेटाळला. म्हणजे नुकसान झालं हे खरं होतं, पण ते राफेलच होतं का, याचं उत्तर या मुलाखतीत मिळालं नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग स्वतंत्र म्हणजे खरं का?

नाही. त्याच महिन्यात कर्नल सोफिया कुरेशी यांच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची पोस्ट व्हायरल झाली. ती काही टीव्हीवरून आलेली नव्हती. बेळगाव पोलिसांनी ती खोटी असल्याचं जाहीर केलं. मालक कुणी उद्योगपती नाही आणि सरकारी जाहिरात नाही, एवढ्यानं बातमी तपासली गेली असं होत नाही. यूट्यूबवर एकट्यानं चॅनेल चालवणाऱ्याला रोखायला डेस्कवर दुसरं कुणी बसलेलंही नसतं.

सरकार माहिती का अडवतं?

याला मुंबईचा अनुभव कारणीभूत आहे. २६/११ च्या हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली टीव्हीवर थेट दिसत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या बघत होते. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना यावरून सुनावलं. २६ एप्रिल २०२५ ला लष्करी कारवायांचं थेट प्रक्षेपण करू नका, अशी सूचना निघाली ती याच धड्यातून. माझ्या मते ती योग्यच होती. पण हालचाली लपवणं वेगळं आणि झालेलं नुकसान छापणारी साइट बंद करणं वेगळं.

वाचताना काय बघायचं?

आधी बघा, हे कोण सांगतंय. अधिकाऱ्याचं नाव आहे, की नुसतं 'सूत्रांची माहिती'? वार्ताहर तिथे होता, की दुसऱ्याची बातमी उचलली आहे? वायरनं निदान सीएनएनचं नाव घेतलं होतं, कराचीच्या बातमीत 'सूत्रां'पलीकडे काही नव्हतं. चूक झाल्यावर दुरुस्ती छापतात, की पोस्ट गुपचूप उडवतात, हेही पाहा. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात कित्येक घरांतली माणसं फौजेत आहेत. तिथे 'चौकी उडवली' असा मेसेज आला की लोक आधी पोराला फोन लावतात.

७ मे रोजी पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात एक स्थानिक शिक्षक मारला गेला. काही वाहिन्यांनी त्याला दहशतवादी ठरवलं. पूंछ पोलिसांनी या बातम्या खोट्या असल्याचं सांगितलं, तोवर त्याचा फोटो देशभर फिरला होता.