ज्ञान कपाटात असतं की गप्पांत?



आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे: संस्थेतलं ज्ञान-व्यवस्थापन. प्रश्न मात्र अगदी साधा आहे. कचेरीत तीस वर्षं काम केलेला माणूस निवृत्त होतो. शाल-श्रीफळ होतं, दोन भाषणं होतात आणि तो घरी जातो. कुठलं मशीन कशानं अडतं, कुठल्या ग्राहकाशी कसं बोलावं, कुठली फाइल कुठे आणि का थांबते, हे सगळंही त्याच्याबरोबर घरी जातं. ते संस्थेकडे राहावं कसं?

आधी अडचण समजून घेऊ. भाकरी थापणाऱ्या आजीला विचारा, पीठ किती मळायचं? ती म्हणेल, "हाताला कळतं." अशा ज्ञानाला मायकेल पोलान्यी या विचारवंतानं अव्यक्त ज्ञान म्हटलं. ते माणसाजवळ असतं, पण कागदावर सहज उतरत नाही.

नव्वदच्या दशकात कंपन्यांनी यावर उपाय काढला: ज्याला जे येतं ते त्यानं लिहून द्यावं, आपण मोठं भांडार तयार करू. आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण इन्फोसिसचं. तिथे कर्मचाऱ्यांसाठी 'के-शॉप' नावाचं पोर्टल होतं आणि त्यात लेख देणाऱ्याला गुण मिळत. गुणांच्या बदल्यात बक्षीस. लेखांचा पूर आला. पण ते तपासणाऱ्यांवर ताण पडला आणि दर्जाबद्दल शंका येऊ लागल्या. शेवटी कंपनीनं गुणांची पद्धत बदलली. या अनुभवावर अभ्यासकांनी २००५ साली सविस्तर लिहिलं आहे. मला यातून एवढंच दिसतं, की मोजमाप संख्येचं केलं की माणसं संख्या देतात.

आता झेरॉक्स कंपनीकडे वळू. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ तिथल्या कॉपी-मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरले. १९९६ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. त्यांना काय दिसलं? विचित्र बिघाड आला की कंपनीचं मॅन्युअल अपुरं पडे. तंत्रज्ञ एकत्र जेवताना, कॉफी पिताना एकमेकांना किस्से सांगत, "मागे माझ्याकडे असंच झालं होतं..." आणि त्या किश्श्यांतून उत्तर सापडे. वरवर बघणाऱ्याला वाटावं, माणसं वेळ घालवताहेत. खरं तर तिथे शिकणं-शिकवणं चाललेलं होतं.

पुढे कंपनीनं 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञानं आपली युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती तपासायची आणि मग सर्वांना द्यायची. प्रत्येक युक्तीवर लिहिणाऱ्याचं नाव. पैसे देण्याचा विचार निघाला, तेव्हा तंत्रज्ञांनीच तो नको म्हटलं. आपल्या माणसांत मिळणारा मान त्यांना पुरेसा होता.

आजची सोशल साधनं याच वाटेवरची आहेत. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली. वाचणाऱ्यालाच पान सुधारता येऊ लागलं. मग स्लॅक, टीम्स आली आणि आपल्याकडे घरोघरी, कचेरीकचेरीत व्हॉट्सअ‍ॅप.

व्हॉट्सअ‍ॅपनं एक मोठं काम केलं. ज्याला कधीच कुणी "लेख लिहून द्या" म्हटलं नसतं, तो माणूस बोलू लागला. खांबावरचा लाइनमन बिघाडाचा फोटो टाकतो, दुसरा पन्नास सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवतो आणि काम होतं. महाराष्ट्राबाहेर बदली झालेल्या आपल्या लोकांना हे चांगलं कळेल. नव्या भाषेत अहवाल लिहिणं कठीण जातं, पण फोटो आणि चार मोडके शब्द पुरतात.

पण यात एक गळती आहे. आज मिळालेलं उत्तर उद्या शुभेच्छांच्या आणि फुलांच्या चित्रांखाली गाडलं जातं. व्हॉइस मेसेजमधला शब्द शोधून सहज सापडत नाही. गटात नव्यानं आलेल्याला जुनं बोलणं सहसा दिसत नाही. आणि हे सगळं असतं लोकांच्या खाजगी फोनमध्ये. माणूस गट सोडून गेला की त्याला विचारायचीही सोय संपते. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी जे होत होतं, ते आता रोज थोडं थोडं होतं.

मग करावं काय? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली: गटातल्या एकाकडे दर आठवड्याला कामाची उत्तरं वेचून कायमच्या जागी ठेवण्याचं काम द्या. विकी असो, साधी सामायिक फाइल असो. हे त्याच्या कामाच्या वेळेत धरा, वरकड म्हणून नको.

दुसरी: उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख राहू द्या. नावानं मान मिळतो, शंका आली तर कुणाला विचारायचं ते कळतं आणि तारखेवरून माहिती जुनी झाली का तेही समजतं.

तिसरी सर्वांत अवघड. मोठे साहेब ज्या गटात असतात, तिथे "मला हे येत नाही" असं लिहायला धाकटे कचरतात. प्रश्नच आला नाही, तर उत्तर कुठून येणार? म्हणून वरिष्ठांनी अधूनमधून स्वतः प्रश्न विचारावा. नाहीतर प्रश्नांसाठी साहेबांविना वेगळा गट असू द्यावा.

साधन कुठलंही घ्या, ज्ञान आधी माणसांच्या बोलण्यात येतं आणि मगच साठवणीत जातं. तुमच्या कचेरीत येत्या वर्षभरात कोण निवृत्त होणार आहे, ते एकदा आठवून बघा. त्यांच्याबरोबर चहा घ्यायला या आठवड्यातच जा आणि जाताना दोन प्रश्न घेऊन जा.

भेटूया पुढच्या भागात.