फुटलेला पाइप आणि न उठणारे इंजिन

बॉनेट उघडल्यावर जे तुटलेले दिसते, त्याच्याच माथी गुन्हा मारायची घाई सगळ्यांना असते. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणारा रबरी पाइप चिरलेला असतो. कधी तो उंदराने कुरतडलेला असतो, कधी सीएनजीच्या भडक्याने डब्याचे झाकणच उडालेले असते. गाडी सुरू होत नाही, म्हणजे दोष हवेच्या पाइपचा, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. नवा पाइप येतो, बसतो, सेल्फ मारला जातो आणि गाडी ढिम्म.

फुटका पाइप इंजिनाचे चालणे बिघडवतो, यात शंका नाही. पण नुसत्या पाइपमुळे गाडी मुळीच पेटली नाही, असे क्वचितच घडते. त्याचे कारण इंजिन हवा कशी मोजते, यात आहे.

पेट्रोल पूर्ण जळायला एक ग्रॅममागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. त्या हिशेबाने इंधन सोडण्याचे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो. काही गाड्यांत फिल्टरच्या पुढे एमएएफ सेन्सर असतो आणि तो आत जाणारी हवा थेट मोजतो. त्याच्या पुढचा पाइप फुटला, की न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. मात्र सेल्फ फिरत असताना इंजिनाचा वेग मिनिटाला जेमतेम दोनशे-अडीचशे फेरे असतो. तेव्हा किती पेट्रोल सोडायचे, हे ईसीयू मुख्यतः कूलंटच्या तापमानावरून ठरवतो. म्हणून अशी गाडी बहुधा पेटते, घुसमटते आणि बंद पडते, किंवा ॲक्सिलरेटर दाबून धरला तर कशीबशी चालू राहते. ‘सुरू होऊन बंद पडते’ आणि ‘अजिबात पेटत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. गॅरेजला फोन करताना यातले नेमके कोणते, एवढे सांगितले तरी मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो.

भारतातल्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत तर एमएएफ नसतोच. त्यांच्या मेनिफोल्डवर एमएपी सेन्सर असतो आणि तो आतला दाब मोजतो. अशा गाडीत फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधला पाइप पूर्ण काढून ठेवला, तरी इंजिन सुरू व्हायला हवे. आवाज वाढेल, धूळ आत जाईल, पण ते पेटेल. तरीही पेटले नाही, तर त्या पाइपवर संशय घेण्यात अर्थ नाही. इथे एक फसगत होते. काही गाड्यांत हवेचे तापमान मोजणारा छोटा सेन्सरही याच पाइपवर किंवा डब्यावर बसवलेला असतो. तिथे वायर दिसली म्हणजे एमएएफ आहे, असे समजू नये.

पाइप फुटला की गाडी सुरूच होत नाही, या समजुतीला जुना आधार मात्र आहे. बॉशच्या १९७०च्या दशकातल्या एल-जेट्रॉनिक यंत्रणेत हवेच्या झोताने उघडणारी एक झडप होती. चावी सोडल्यावर पेट्रोल पंप चालू ठेवणारा संपर्क अनेक गाड्यांत त्या झडपेलाच जोडलेला असे. पुढचा पाइप फाटला, की झडप उघडत नसे आणि पंप थांबे. त्या गाड्या मागे पडल्या, समजूत तेवढी उरली.

मग पाइप फुटलेल्या गाडीला खरे काय झालेले असते? पुष्कळदा, पाइप ज्यामुळे फुटला तेच.

सीएनजीचे उदाहरण घ्या. बॉनेटखाली ‘फाट्’ असा आवाज येतो, फिल्टरचा डबा फुटतो, गाडी बंद पडते. लोक म्हणतात, डबा फुटल्यामुळे गाडी बंद पडली. वस्तुस्थिती बहुधा उलटी असते. झिजलेला प्लग, अशक्त कॉइल किंवा चुकीचे ट्यूनिंग यांमुळे मिश्रण भलत्या वेळी पेटते आणि ज्वाला इनटेकमध्ये उलटी येते. डबा हा त्या स्फोटाचा बळी. जुन्या मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये गॅस थ्रॉटलच्या आधीच हवेत मिसळतो, त्यामुळे अख्खी वाट पेट घेऊ शकणाऱ्या मिश्रणाने भरलेली असते. आताच्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅस प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी सोडला जातो, म्हणून भडका कमी होतो. पण डबा बदलून प्लग तेच ठेवले, तर दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही. शिवाय त्या धक्क्याने प्लास्टिकच्या मेनिफोल्डला तडा जातो, सेन्सरचा कनेक्टर निसटतो, आणि डब्याचा एखादा तुकडा आत ओढला जाऊन थ्रॉटलच्या झडपेत किंवा व्हॉल्व्हखाली अडकतो. व्हॉल्व्ह नीट बसला नाही, तर त्या सिलिंडरला कॉम्प्रेशन मिळत नाही. म्हणून फुटलेल्या डब्याचे सगळे तुकडे जुळवून पाहावेत, आणि एखादा सापडत नसेल तर तो सापडेपर्यंत सेल्फ मारू नये.

उंदराचेही तसेच. कुरतडलेला पाइप सहज दिसतो, त्याच्या मागची क्रँक सेन्सरची किंवा इंजेक्टरची वायर दिसत नाही. क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला, की ठिणगी कधी द्यायची हेच ईसीयूला कळत नाही. अशा वेळी सेल्फ जोरात फिरतो, इंजिन एकदाही पेट घेत नाही.

तपासाचा क्रम त्यामुळे साधा आहे. सेल्फ फिरतो का? फिरत असेल तर प्लगला करंट येतो का, इंधन पोचते का, कॉम्प्रेशन आहे का? प्लग काढून हुंगला तरी बरेच कळते. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ते पोचते पण जळत नाही. स्कॅनरवर पी-०१७१ हा कोड आला तर मिश्रणात हवा जास्त आहे एवढेच कळते; पाइप बदला, असे स्कॅनर सांगत नाही. कोडपेक्षा चालू आकडे जास्त बोलतात. चावी ऑन, पण इंजिन बंद असताना एमएपी सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. मुंबईत तो सुमारे १०० किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, तर महाबळेश्वरला ८६च्या जवळ असतो. बंद गाडी पुण्यात ४० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली आहे. एमएएफवर संशय असेल तर त्याचा कनेक्टर काढून सेल्फ मारून बघतात. बऱ्याच गाड्यांत ईसीयू मग ठरावीक आकड्यांवर चालतो. तेवढ्याने गाडी सुरू झाली, तर चोर बराचसा सापडला. बारीक गळती शोधायला स्मोक टेस्ट, म्हणजे हवेच्या वाटेत धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहणे, उत्तम. गरम इंजिनवर क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधण्याची सवय मात्र आगीशी खेळणारी आहे.

हे सगळे कोरड्या इंजिनाचे झाले. हवेच्या वाटेने पाणी आत गेले असेल, तर नियम बदलतात आणि गैरसमजही महाग पडतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात अडकल्या. दर पावसाळ्यात ऐकू येणारा सल्ला तेव्हाही होताच: सायलेन्सरमधून पाणी जाते, ॲक्सिलरेटर सोडू नका. इंजिनाची खरी नासधूस करणारे पाणी बहुतेक वेळा पुढून, हवेच्या तोंडातून शिरते. पाणी चाकांइतकेच असले, तरी शेजारून बस गेली की लाट ग्रिलपर्यंत चढते आणि जोरात फिरणारे इंजिन ती ओढून घेते. फिल्टर धूळ अडवतो. कागदी जाळी पाण्यासमोर टिकत नाही.

किती पाणी पुरते? ११९७ सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला जवळपास ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो ११ असेल, तर पिस्टन वर पोचल्यावर उरलेली जागा सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी आत असले, की ते दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ‘डिझेलला प्लगच नाही, त्याला पाण्याचे काय’ हा समज याच हिशेबाने कोसळतो. १२४८ सीसीच्या डिझेल इंजिनात रेशो सतराच्या वर असेल, तर ही जागा वीस मिलिलिटरहूनही कमी भरते.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला ‘एकदा सेल्फ मारून बघू’ म्हणणे म्हणूनच घातक ठरते. धक्का मारून गिअर टाकणे त्याहून वाईट, कारण तेव्हा अख्ख्या गाडीचे वजन त्या रॉडवर येते. सेल्फ ‘टक’ करून थांबला, की बॅटरी उतरली असे समजून जंपर केबल शोधली जाते. लॉक झालेले इंजिनही अगदी तसाच आवाज करते. आधी फिल्टर ओला आहे का ते पाहावे. ओला असेल तर गाडी टो करून न्यावी. गॅरेजमध्ये सगळे प्लग काढून, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडवून इंजिन फिरवतात, म्हणजे पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर पडते. ऑइल दुधाळ झाले असेल तर तेही बदलावे लागते.

यानंतर गाडी सुरू झाली, तरी कॉम्प्रेशन टेस्ट टाळू नये. चांगल्या पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते २०० पीएसआय येतो, पण चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे जास्त महत्त्वाचे. एकच बराच कमी आला, तर तिथला रॉड किंचित वाकून आखूड झाला असण्याची शक्यता असते. असा रॉड काही दिवस मुकाट चालतो आणि नंतर भर रस्त्यात तुटून ब्लॉक फोडतो.

विम्याचा गैरसमज बिल हातात आल्यावरच कळतो. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असते, पण पाणी शिरलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेली मोडतोड विमा कंपन्या बहुधा वेगळी काढतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे जादा कव्हर घ्यावे लागते. ते असो वा नसो, सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत हेड उतरवू देऊ नये आणि ओला फिल्टर फेकू नये.