पॅनेल बंद होण्याआधी एकदा आत डोकवा!

गाडीच्या काचांना मोटर आणि दारांना सेंट्रल लॉक बसवताना घरच्या माणसाने काय पाहावे?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जबलपूरच्या बडा फुहारा भागात गाडी घेऊन शिरण्याचे धाडस ज्यांनी केले आहे, त्यांना पुढचे वर्णन वेगळे करून सांगायला नको. कमानिया गेटच्या बाजूने माणसांचा लोंढा येत असतो. डावीकडे हातगाडी, उजवीकडे ऑटो, मध्येच सराफ्याकडे वळणारी स्कूटर. अशा वेळी डाव्या बाजूचा कुणी काहीतरी ओरडून सांगतो आणि गाडी चालवणाऱ्याला ब्रेकवरचा पाय न काढता, पट्टा ताणत, पलीकडच्या दाराचे हँडल गरागरा फिरवून काच खाली करावी लागते. मागे पोरांनी काच उघडून हात बाहेर काढलेले असतात. गाडी लावून बाजारात उतरायचे म्हटले, की चारही दारांची बटणे एकेक करून दाबायची. निम्म्या वाटेत आठवते, मागचे दार बंद केले होते ना?

त्याच दिवशी घरात ठरते की यंदा गाडीला पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक बसवून टाकायचे.

आजच्या बहुतेक नव्या गाड्यांना ही सोय कंपनीतूनच येते. पण जुन्या गाड्यांत हाताने फिरवायचे हँडल आजही आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये बंद झालेली मारुती ८०० आठवून पाहा. कितीतरी मध्यमवर्गीय घरांची ती पहिली गाडी. अशा गाडीला नंतर बाजारातून मोटर बसवून घेणे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. काम अर्ध्या दिवसाचे. बटण दाबले, काच वर गेली, सगळे खूश!

गोम अशी आहे, की हे सारे काम दाराच्या आतल्या पॅनेलमागे होते. पॅनेल पुन्हा बसले, की तार कशी ओढली, फ्यूज लावला की नाही, प्लास्टिक फाडले की जपले, यातले काहीच दिसत नाही. दिसते ते फक्त चकचकीत बटण. म्हणूनच पॅनेल उघडे असते ती वेळ मोलाची. त्या वेळी चहाला न जाता तिथेच उभे राहा.

पॅनेल निघते कसे?

जबलपूरला गाडी उघडून बघण्याचे नवल नाही. इथे १९०४ पासून तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी आहे आणि १९६९ पासून व्हेइकल फॅक्टरी. लष्कराचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा इथेच बनत. जोंगा हे नावही जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच पडलेले. या कारखान्यांत नोकरी केलेल्या माणसांची घरे शहरात जागोजागी आहेत, त्यांत मराठी घरेही आहेत. तेव्हा घरात एखादे निवृत्त काका असतील, तर त्यांना सोबत न्या. नसतील, तरी पुढची माहिती पुरेशी आहे.

दाराचे आतले पॅनेल म्हणजे रेक्झिन चढवलेला दाबीव पुठ्ठा किंवा साच्यातले प्लास्टिक. ते पत्र्याला दोन प्रकारे धरलेले असते. हात टेकण्याच्या कप्प्यात आणि दार उघडण्याच्या खिट्टीमागे स्क्रू असतात, त्यांतले काही छोट्या झाकणाखाली लपवलेले. बाकीची कड प्लास्टिकच्या क्लिपांनी पत्र्याच्या भोकांत बसवलेली असते. आधी सगळे स्क्रू, मग क्लिपा, हा क्रम. एक स्क्रू राहिला आणि वरून हिसका दिला, की पॅनेल तुटलेच म्हणून समजा.

काच फिरवायचे हँडल काढण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. अनेक गाड्यांत ते घोड्याच्या नालेसारख्या बारीक स्प्रिंग क्लिपने अडकवलेले असते आणि ती क्लिप बाहेरून दिसत नाही. जाणता मिस्त्री साध्या फडक्याची कड हँडलमागे घालतो आणि दोन्ही टोके धरून, जोडे पुसतात तसे, इकडून तिकडे घासतो. फडके क्लिपमध्ये अडकते आणि क्लिप टुणकन उडते. ती कुठे उडते यावर मात्र लक्ष हवे, कारण जुन्या गाडीची क्लिप मिळणे सोपे नाही.

क्लिपा उचकटायला नुसता लोखंडी पेचकस घातला, तर रंग खरवडतो आणि पुठ्ठा फाटतो. प्लास्टिकची चपटी पट्टी किंवा फडके गुंडाळलेला चपटा पेचकस हवा. पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी सरकवून हलकेच उचकटायचे. वर्षानुवर्षे उन्हात तापलेल्या क्लिपा ठिसूळ होतात. दोन-चार तुटणारच, म्हणून नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. तुटलेल्यांच्या जागी काही न लावता पॅनेल बसवले, तर खराब रस्त्यावर दार खडखडायला लागते.

तो मेणकापड फेकू नका!

पॅनेल निघाले, की मागे पत्र्यावर काळ्या चिकट गमाने चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ कागद दिसतो. घाईतला मिस्त्री तो टरकावून बाजूला टाकतो. ‘कंपनीचे पॅकिंग आहे’ असेही सांगितले जाते. तसे अजिबात नाही.

गाडीचे दार आतून ओले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पावसाचे पाणी काचेवरून ओघळते आणि बाहेरच्या रबराच्या पट्टीतून थोडेफार दारात उतरतेच. गाडी बनवणाऱ्याने हे गृहीत धरलेले असते. म्हणून दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोके ठेवलेली असतात, आणि पाणी पॅनेलकडे न येता त्या भोकांकडे जावे यासाठी हा कागद असतो. तो फाटला, की पहिल्याच पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, स्पीकर खराब होतो, पायाखालचा गालिचा ओला राहतो आणि गाडीला कुबट वास सुटतो. दोष मात्र ‘जुनी गाडी, गळतेच’ म्हणून गाडीच्या माथी!

कागद एका कोपऱ्यातून हळू सोलून वर चिकटवून ठेवता येतो. फाटलाच, तर त्याच मापाचा जाड प्लास्टिक कागद कापून नव्याने चिकटवायला सांगा. खालची कड पत्र्याच्या आत वळलेली हवी, म्हणजे पाणी आतच उतरेल.

बारा व्होल्टला कमी लेखू नका

गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. तिला हात लावून झटका बसत नाही, म्हणून तिचे भय वाटत नाही. पण तिचा धोका वेगळा आहे. इंजिन सुरू करताना हीच बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर करंट देते. एखाद्या बारीक तारेची साल पत्र्यावर घासून निघाली आणि वाटेत फ्यूज नसेल, तर तोच करंट त्या तारेतून धावतो. तार क्षणात लाल होते आणि भोवतीचे रेक्झिन आणि फोम पेट घेतात.

हेडलाइटचा ५५-६० वॅटचा बल्ब सुमारे पाच अँपिअर घेतो. काचेची मोटर चालताना साधारण तितका किंवा त्याहून अधिक करंट घेते, आणि काच अडकली की कितीतरी पट. म्हणून सिगारेट लायटरच्या किंवा रेडिओच्या तारेला जोड मारून चार मोटरी चालवणे म्हणजे घरातल्या झिरोच्या बल्बच्या वायरीवर गिझर लावणे. मोटरींसाठी बॅटरीकडून वेगळी जाड तार हवी. तिचा फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, कारण तो मोटरीपेक्षा तारेला जपतो. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर कारण शोधा. त्याजागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद लावणे म्हणजे घरातल्या पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे.

दुसरी नाजूक जागा म्हणजे दार आणि गाडीचा खांब यांच्यामधली फट. दिवसातून दहा वेळा दार उघडले, तरी वर्षाला तार ३,६५० वेळा वाकते. इथे अनेक बारीक तारांची लवचीक वायर, थोडी ढील आणि दोन्ही बाजूंना रबरी नळी हवी. पत्र्याला भोक पाडून त्यातून उघडी तार ओढली असेल, तर पत्र्याची धार ती कधी ना कधी कापणारच. सांधेही नुसते पिळून टेप गुंडाळलेले नसावेत. जबलपूरचा मे महिना पारा बेचाळीसच्या पुढे नेतो. उन्हात उभ्या गाडीत टेपचा गम पातळ होतो आणि टेप सुटते.

पोरांची बोटे, पोरांच्या माना

आता सगळ्यात महत्त्वाचे. हाताने फिरवायची काच कुणाचे बोट मध्ये आले की थांबते, कारण फिरवणाऱ्याला ते कळते. मोटरीला कळत नाही. महागड्या गाड्यांत अडथळा लागताच उलट फिरणारी काच असते. बाजारातल्या साध्या किटमध्ये ती सोय बहुधा नसते.

परदेशांत मुलांची मान काचेत सापडून मृत्यू झाले आहेत. खिडकीतून डोके बाहेर काढलेले मूल गुडघ्याने नकळत बटण दाबते आणि काच वर येते. म्हणून २००४ साली अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने नियम केला, की मुलाच्या गुडघ्याच्या किंवा कोपराच्या चुकून पडलेल्या दाबाने चालू होईल असे बटण नसावे. वर ओढले तरच काच वर जाईल, असे बटण सर्वात सुरक्षित. किट निवडताना रंग पाहण्याआधी बटण पाहा.

दुसरे, मोटरींचा करंट किल्लीवरून आला पाहिजे. थेट बॅटरीवर जोडल्या, तर किल्ली काढून आई दोन मिनिटे दुकानात गेली तरी मागच्या काचा चालूच राहतात. तिसरे, मागच्या काचा बंद करणारे बटण चालकाकडे हवे.

सेंट्रल लॉकचेही तसेच आहे. दारातली छोटी मोटर लॉकची सळई ओढते किंवा ढकलते, इतकेच तिचे काम. ती बसवल्यावरही आतले बटण हाताने सहज उचलले गेले पाहिजे. बॅटरी बसली किंवा अपघात झाला, तर बाहेर पडायचा तोच मार्ग. आणि सेंट्रल लॉक आहे म्हणून मूल आत ठेवून जाऊ नका. उन्हात बंद गाडीचे तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते.

नव्या गाडीत सावध!

एअरबॅग असलेल्या गाडीत दाराच्या किंवा खांबाच्या पॅनेलमागे पिवळ्या रंगाची जोडणी दिसली, तर तिला हात लावू देऊ नका. ती बहुधा एअरबॅगची असते. अशा गाडीचे काम कंपनीच्या अधिकृत केंद्रातच करावे. वॉरंटी चालू असताना मूळ तारा कापल्या, तर विजेच्या बिघाडाची भरपाई नाकारली जाऊ शकते. बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तूंची नोंद विमा कंपनीकडेही करावी.

पाच प्रश्न, एक तांब्या पाणी

मिस्त्री पॅनेल उघडून बसला, की शांतपणे विचारा, “भैया, बैटरी का माइनस निकाला? फ्यूज कहाँ लगाओगे? तार दरवाजे में रबर से जाएगी ना? चाबी निकालने पर काँच बंद रहेगा? पन्नी वापस चिपकाओगे ना?” चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून त्याचा हात सावकाश चालतो.

पॅनेल बसवण्याआधी चारही काचा पूर्ण खाली-वर करून पाहा. काच खाली जाताना तार किंवा क्लिप मध्ये येते का, हे तेव्हाच दिसते. लॉक पाच-सहा वेळा करा, मग हाताने उघडा. कागद चिकटवल्यावर बाहेरून काचेवर तांब्याभर पाणी ओता. ते दाराखालच्या भोकांतून टपटपले आणि आतला कागद कोरडा राहिला, की काम चोख झाले. काढलेली हँडले आणि जुनी यंत्रणा मागून घ्या. मोटर बिघडली, तर तीच कामाला येतील.

एवढे झाले, की खुशाल पॅनेल बंद करू द्या आणि संध्याकाळी बडा फुहाऱ्याला जा. बटण दाबताच काच खाली येईल. मागच्या काचांचे बटण मात्र बंदच असू द्या. मागे पोरे बसली आहेत!