मंगळवार, २ जून : स्मायलरवरची पाळी

सकाळ, दरवाजे उघडण्याआधी

रोलर कोस्टरचा दिवस पहिला प्रवासी येण्याच्या बराच आधी सुरू होतो. तंत्रज्ञ रुळाच्या कडेने चालत बोल्ट, चाकं, चढणीची साखळी आणि माणसाला जागेवर धरून ठेवणारे खांद्यावरचे दांडे तपासतात. मग रिकामी गाडी फिरवून बघतात, ती परत आली की पुन्हा एकदा सोडतात. नोंदवहीत सह्या झाल्या की राइड ऑपरेटरच्या ताब्यात जाते. प्रेक्षकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या सगळ्या भरवशाचा पाया मात्र या तासा-दीड तासाच्या कामात असतो.

हे इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या ऑल्टन टॉवर्स या उद्यानाबद्दल आहे, आणि वर्ष २०१५. तिथली ‘स्मायलर’ ही राइड ३१ मे २०१३ला सुरू झाली होती. जर्मनीच्या गेर्स्टलॉअर कंपनीने ती बनवली. उंची सुमारे ३० मीटर, रूळ ११७० मीटर लांब, आणि माणसाला चौदा वेळा उलटं करण्याचा जागतिक विक्रम तिच्या नावावर. एका गाडीत सोळा जण बसतात. काळ्या पोलादी रुळांचा तो गुंता असा आहे की एका जागी उभं राहून सगळा मार्ग नजरेच्या टप्प्यात येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, दुपारी तिची गरज पडणार आहे.

दिवस उजाडला तोच वाऱ्याचा. जून लागला होता तरी इंग्लंडभर सोसाट्याचा वारा होता.

१० नंतर

उद्यान उघडलं आणि रांगा लागल्या. अशा राइडवर एकाच वेळी अनेक गाड्या फिरतात, म्हणून त्यांना एकमेकींपासून दूर ठेवायची यंत्रणा लागते. ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

रूळ विभागांत वाटलेला असतो. एका विभागात एका वेळी एकच गाडी. पुढचा विभाग रिकामा झाला असं सेन्सरने सांगितल्याशिवाय संगणक मागच्या गाडीला आत सोडत नाही. तिला चढणीवर किंवा ब्रेकपाशी धरून ठेवतो. दादर आणि माटुंग्याच्या मध्ये लोकल का उभी आहे म्हणून आपण वैतागतो, तेव्हा पुढच्या सिग्नलपलीकडे दुसरी लोकल असते. तत्त्व तेच, रेल्वेकडूनच आलेलं. खोपोलीजवळच्या इमॅजिकात ‘नायट्रो’वर बसलेल्यांचं रक्षणही हेच तत्त्व करतं. त्याचा गुण असा की संगणकाला गाडी ‘दिसावी’ लागत नाही. गाडी विभागात शिरल्याची खूण मिळाली आणि बाहेर पडल्याची मिळाली नाही, एवढं त्याला पुरतं. खात्री नसेल तर तो थांबवतो. यंत्राला शिकवलेला हा सर्वांत शहाणा धडा आहे असं मी मानतो.

दुपार, १ च्या पुढे

स्मायलरमध्ये बिघाड झाला आणि इंजिनिअरांना बोलावणं गेलं. राइड थांबली, रांग ताटकळली. अशा वेळी दोन कामं एकाच जागी चालू असतात. इंजिनिअर दोष शोधत असतात, ऑपरेटर लोकांना कधी बसवता येईल याची वाट बघत असतात. राइड लवकर सुरू करण्याचा दबाव आपल्याला जाणवत होता, असं एका इंजिनिअरचं म्हणणं पुढे न्यायालयासमोर आलं. तो दबाव कुणी ओरडून घालावा लागत नाही. रांगेतल्या शेकडो माणसांचं घड्याळाकडे बघणंच पुरे असतं.

त्या दिवशी चारऐवजी पाच गाड्या वापरात आणल्या गेल्या होत्या. पाचवी रुळावर आली, पण रुळावर किती गाड्या आहेत याचा हिशोब सगळ्यांच्या मनात एकच नव्हता. फळ्यावर लिहिलेला आकडा, एकाने मोठ्याने म्हणावा आणि दुसऱ्याने दुजोरा द्यावा असा नियम, गाड्या मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी पायरी, यांपैकी एखादी सक्तीची असती तर हा मजकूर लिहावाच लागला नसता.

चाचणीसाठी एक रिकामी गाडी सोडली गेली. ती परत आली नाही.

ती का आली नाही, हे शास्त्राच्या अंगाने सरळ आहे. चढणीवरून सुटल्यावर रोलर कोस्टरला इंजिन नसतं. उंचीवर साठवलेली ऊर्जा खर्च करत ती पुढची वळणं काढते. वाऱ्याचा अडथळा भरलेल्या आणि रिकाम्या गाडीला जवळजवळ सारखाच असतो, पण रिकामी गाडी हलकी असल्याने तिच्याकडची शिदोरी कमी. म्हणूनच चाचणीच्या वेळी कित्येकदा आसनांवर पाण्याने भरलेले पुतळे बसवतात. त्या दुपारी वाऱ्याचे झोत ताशी सुमारे ४५ मैलांचे, म्हणजे ७२ किलोमीटरचे असावेत असा अंदाज नंतर मांडला गेला. निर्मात्याच्या पुस्तिकेतली मर्यादा होती ताशी ३४ मैल, सुमारे ५५ किलोमीटर. रिकामी गाडी एका वळणाच्या चढावर दमली, मागे घसरली, खोलगट भागात झुलत झुलत थांबली.

पावणेदोनच्या सुमारास

सोळा जणांना घेऊन पुढची गाडी निघाली. संगणकाने तिला चढणीवर थांबवलं, कारण पुढचा विभाग रिकामा झालेला नव्हता. इथपर्यंत यंत्र शंभर टक्के बरोबर होतं.

वर बसलेल्यांसाठी ही काही मिनिटं लांबत गेली. रुळांच्या त्या गुंत्यात थांबलेली रिकामी गाडी खाली इंजिनिअरांच्या नजरेत आली नव्हती. त्यांना वाटलं की रुळावर काहीच नाही आणि संगणक चुकतोय. हा समज हवेतून आलेला नव्हता. यंत्रं खोटी सूचना देतातच. सेन्सर धुळीने फसतो, खूण नोंदवायची राहते, आणि रोज अशा खोट्या सूचनांशी झटणाऱ्या माणसाच्या मनात हळूहळू समीकरण बसतं की थांबली म्हणजे सूचना खोटी असणार. कारखान्यात, रुग्णालयात, विमानतळावर, जिथे जिथे धोक्याच्या घंटा वारंवार वाजतात तिथे हे घडतं. म्हणून अशा क्षणी माणसाच्या अंदाजावर काही सोपवायचं नसतं. रुळाच्या कडेने चालत जाऊन डोळ्यांनी बघायचं, गाड्या मोजायच्या, मग दुसऱ्या माणसाने तेच पुन्हा करायचं.

संगणकाचा अडसर हाताने दूर केला गेला. गाडी सुटली.

१ वाजून ५१ मिनिटं

उतारावरून येताना पुढच्या रांगेतल्यांना रुळावर उभी असलेली रिकामी गाडी दिसली. आपण तिच्यावर आदळणार हे त्यांना कळलं आणि करण्यासारखं काही नव्हतं. दीड टन वजनाची मोटार ताशी ९० मैलांनी, म्हणजे जवळपास १४५ किलोमीटर वेगाने आदळावी एवढी ऊर्जा त्या धडकेत होती, असं न्यायालयाला सांगण्यात आलं. सर्वाधिक मार पुढच्या रांगेला बसला. दोन तरुण मुलींना आपला एकेक पाय गमवावा लागला.

यावर मला अधिक वर्णन करायचं नाही.

२ ते संध्याकाळ

रुग्णवाहिका सेवेकडे पहिला फोन गेला तो २ वाजून ९ मिनिटांनी. धडकेनंतरची ती सतरा-अठरा मिनिटं मला वारा, गाड्या आणि हाताने हटवलेला अडसर या सगळ्यांइतकीच जड वाटतात. अपघात क्षणात घडतो, पण त्यानंतर काय करायचं हे शांत डोक्याने, खूप आधी ठरवून ठेवता येतं.

गाडी जमिनीपासून सुमारे ६ मीटर उंचीवर, ४५ अंशांच्या कोनात अडकली होती. त्या जागी जखमींपर्यंत पोचण्याची सोयच नव्हती. अग्निशमन दलाने गाडीशेजारी मंच उभारला, डॉक्टर आणि परिचारक वर चढले, चेपलेल्या लोखंडात अडकलेल्या माणसांवर तिथेच उपचार सुरू केले. गंभीर जखमींना हेलिकॉप्टरने हलवलं. काही जणांची सुटका व्हायला चार तासांहून अधिक वेळ लागला. त्या दुपारी वर चढलेल्यांनी केलेलं काम हा या दिवसातला एकमेव भाग आहे जिथे सगळं जसं व्हायला हवं तसं झालं.

रात्र

दूरचित्रवाणीवर हेलिकॉप्टरमधून घेतलेली तीच दृश्यं फिरत होती आणि देशभर तर्क चालू झाले. ब्रेक निकामी झाले. बोल्ट सुटला. संगणक बिघडला. वाऱ्याने घात केला. पैशाच्या लोभापायी जास्त गाड्या सोडल्या. कुणीतरी चुकीचं बटण दाबलं.

लोकांनी तर्क करू नये असं मी म्हणणार नाही. उद्या आपलं मूल त्याच आसनावर बसणार असेल तर आज रात्री कारण जाणून घ्यावंसं वाटणारच. शिवाय संशयाला इतिहास होता. २०१३मध्ये याच राइडची प्लॅस्टिकची चाकं निखळून पुढच्या रांगेतल्या प्रवाशांना लागली होती. तेव्हा ‘काहीतरी तुटलं’ हा अंदाज मूर्खपणाचा नव्हता. तो चुकीचा होता, एवढंच.

पुढच्या महिन्यांत एकेक तर्क तपासाला लागला. रुळात, गाडीत, यंत्रणेत दोष सापडला नाही. बिघडलेला म्हणून ज्या संगणकावर बोट ठेवलं गेलं, त्याच्याकडेच त्या दुपारची बरोबर माहिती होती. वाऱ्याचा तर्क अर्धा खरा निघाला. वाऱ्याने रिकामी गाडी थांबवली हे खरं, पण मर्यादेपलीकडच्या वाऱ्यात राइड चालू ठेवली ती माणसांनी. जास्त गाड्यांचा तर्कही अर्धाच. पाच गाड्या विभागांच्या व्यवस्थेत सुरक्षित फिरू शकतात, फक्त पाच आहेत हे सगळ्यांना ठाऊक हवं.

उरला शेवटचा, बटण दाबणाऱ्या माणसाचा. लोकांना सर्वांत पटलेला तोच. नोव्हेंबर २०१५मध्ये मालक कंपनी मर्लिनने आपल्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला, तोही ‘मानवी चूक’ असाच होता. हा निष्कर्ष खोटा नाही, पण तो जिथे थांबतो तिथे थांबणं मला अन्यायाचं वाटतं. त्या माणसाला गाड्यांचा आकडा कुणी सांगायचा होता? वारा मोजून राइड बंद करायचा अधिकार कुणाचा होता? अडसर हटवण्याआधी दुसरी सही का लागत नव्हती? बिघाड दुरुस्त होत असताना प्रवासी बसवायचे की नाही, हे कुठल्या कागदावर लिहिलं होतं?

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाने हेच प्रश्न धरले. राइड चालू असताना इंजिनिअरांनी सुरक्षितपणे काम कसं करायचं याची पद्धतच कंपनीने घालून दिली नव्हती, त्यामुळे एकामागून एक चुका कुणी न अडवता घडू शकल्या, असं त्यांचं म्हणणं. दोष इंजिनिअरांच्या कामाला दिशा न देणाऱ्या मालकाचा आहे, ही भूमिका सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडली. कंपनीने कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षेच्या १९७४च्या कायद्याखालचा गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०१६मध्ये स्टॅफर्डच्या न्यायालयात न्यायाधीश मायकेल चेंबर्स यांनी ५० लाख पौंडांचा दंड ठोठावला आणि हा अपघात टाळता येण्याजोगा होता असं स्पष्ट सांगितलं.

एका कामगाराला बडतर्फ करून फाइल बंद करणं किती सोपं गेलं असतं! तसं झालं असतं तर पुढच्या पाळीला दुसरा माणूस त्याच नियंत्रण-पटलासमोर, त्याच अर्धवट माहितीसह उभा राहिला असता.

किंमत इतरांनीही मोजली. अपघातानंतर कंपनीने आपल्या इतर उद्यानांतल्या काही रोलर कोस्टरही तपासणीसाठी काही काळ बंद ठेवल्या. ऑल्टन टॉवर्सचे पाहुणे घटले, आणि त्या शरद ऋतूत तिथल्या १९० पर्यंत नोकऱ्या जाणार असल्याची घोषणा झाली. त्यांतल्या बहुतेकांचा स्मायलरच्या पटलाशी काडीचाही संबंध नसणार.

राइड १९ मार्च २०१६ला पुन्हा सुरू झाली. रूळ तेच होते, चौदा उलटी वळणंही तीच. बदलली ती कामाची पद्धत. संगणकाने थांबवलेली गाडी विशिष्ट परिस्थितीत पुन्हा सोडायची असेल, तर पटलावरच्या माणसाला आता वरिष्ठांची वेगळी परवानगी घ्यावी लागते.